जोडीदाराने द्यायचे उत्तर

दहा ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. फोन वाजला तेव्हा मी दाढी करीत होतो. एका गालाला साबण होता.

फोनवर नात होती, अश्विनी. ती एकोणीस वर्षांची आहे आणि महिनाभराच्या गिर्यारोहण शिबिरासाठी हिमालयात गेली आहे. त्यांच्या छावणीजवळ एक मोठा धोंडा आहे. त्यावर उभे राहिले तरच फोन लागतो. त्या धोंड्यावरून ती बोलत होती. आठ वाजता त्यांना वरच्या छावणीकडे निघायचे होते आणि तेथे फोन अजिबात लागत नाही.

"आबा, आमी आज वर जाऊन राहिलो. परवा शिखर."

"जेवण जातं का?"

"जातंय की... थोडं थोडं." वाक्याच्या मध्येच ती थांबली आणि खोकली. खोकला कोरडा होता.

"खोकला कवापासून?"

"धुळीचा हाय ओ."

"बर्फात धूळ कुठली?"

ती हसली. हसण्याने पुन्हा खोकला आला.

"रात्री आडवी झालीस का?"

ती आधी आणखी एकदा खोकली. मग म्हणाली, "सामानाला टेकून झोपले. आडवं झालं की कसंतरी व्हतंय. पण बराबर हाय मी. आबा, आईला सांगू नका. आमच्या सरांना तर मुळीच न्हाई. लगेच खाली धाडतेत. तुमाला माझी आण हाय."

मी "बरं" म्हणालो. फोन ठेवला आणि उरलेली दाढी केली.

हे लिहितो आहे ती अकरा तारखेची पहाट आहे. सात वाजता डोंगराकडून फोन यायचा आहे. तोवर करण्यासारखे काही नाही. म्हणून लिहितो.

आमच्या शिरड शहापूरला ऑक्टोबर हा धुळीचा महिना आहे. सोयाबीनची मळणी चालू असते. यंत्राच्या तोंडातून भुसकट उडते आणि ते भुवयांवर, दोरीवरच्या धुण्यावर, पाण्याच्या माठावर बसते. दुपारचे ऊन वैशाखासारखे भाजते आणि पहाटे मात्र अंगावर काही घ्यावेसे वाटते. त्या पहाटेच्या गारव्यात एक कोरडेपणा असतो. नाकाच्या आतली कातडी ताणल्यासारखी होते. गेली कित्येक वर्षे ऑक्टोबरातल्या पहिल्या तशा पहाटेला मी अंथरुणावर उठून बसतो आणि बाजूला कोणी श्वास घेत आहे का, हे ऐकतो. बाजूला कोणी नसते. पत्नी जाऊन नऊ वर्षे झाली. पण मी तिचा श्वास ऐकत नसतो.

तोही ऑक्टोबरच होता. मी तेव्हा फौजेत नायक होतो, सत्तावीस वर्षांचा. पलटणीची एक तुकडी एका शिखरावर जायची होती. शिखराचे नाव सांगत नाही. ते आम्ही चढलो नाही. दोन-दोन माणसांच्या जोड्या दोरीने बांधल्या गेल्या, तेव्हा माझ्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला आला लान्सनायक युसूफ, जवळा बाजारचा. इतक्या मोठ्या फौजेत, इतक्या उंचीवर, एका दोरीला दोन्ही माणसे औंढा तालुक्याची. तुकडीच्या साहेबांना त्याची गंमत वाटली. आम्हांला तर घरची भाषा बोलायला मिळाली, यातच सगळे आले.

युसूफचे घराणे पिंजाऱ्यांचे. बाप-आजा गाद्या-रजया भरणारे. पहिल्याच दिवशी मी त्याला विचारले, "काहून रे, डोंगर कधी पाहिलास का?"

"उस्ताद, आमच्या जवळ्याला डोंगर कुठला? कापसाच्या गंजीवर चढून शिकलो मी. तिथं बी पाय असाच आत जातो."

तो मला उस्ताद म्हणे. मी त्याच्याहून एका फितीने मोठा होतो, तेवढ्यापुरतेच.

त्या दिवसांचे फार थोडे मनात राहिले आहे, आणि जे राहिले ते सगळे अंगाला लागणारे आहे. रॉकेलच्या स्टोव्हचा वास. चहाचे एक मग पाणी करायला बर्फाची एक पाटी लागते हे. रात्री श्वासाचे दव तंबूच्या कापडावर गोठायचे आणि पहाटे कोणी कूस बदलली की भुगा होऊन तोंडावर पडायचे. भिजून गोठलेला दोर काठीसारखा ताठ व्हायचा. युसूफ त्याला धोपटून म्हणायचा, "ऊठ बाबा, दिवस निघाला." ओल्या लोकरीचा वास मला आजही मेंढरांच्या कळपाजवळून जाताना येतो आणि मी चालण्याचा वेग वाढवतो.

आणि एक रीत मनात राहिली आहे. त्या रीतीसाठीच हे लिहिणे.

संध्याकाळी हाजिरी होत असे. त्या हाजिरीत स्वतःच्या प्रकृतीविषयी बोलायला मनाई होती. साहेब मला विचारीत, "युसूफ कैसा है?" आणि युसूफला विचारीत, "नायक कैसा है?" प्रत्येकाचे उत्तर त्याच्या जोडीदाराने द्यायचे. कारण साधे होते. त्या उंचीवर हवा विरळ असते. माणसाचे शरीर बिघडू लागते तेव्हा बुद्धीही सोबत बिघडते, आणि बिघडलेल्या बुद्धीला आपण ठणठणीत आहोत असे वाटते. शिवाय सैनिक स्वतःहून कधी दुखते म्हणत नाही. त्याला तसे शिकवलेले असते. म्हणून ज्याने रात्रभर शेजारी श्वास ऐकला आहे, त्यालाच विचारायचे. खाली पाठवायचे की वर न्यायचे, ते त्या उत्तरावर ठरे.

सव्वीस जानेवारीला येथील शाळेत मला बोलावतात. विषय ठरलेला असतो, जिद्द. एकदा मी मुलांना सांगितले की डोंगरावर जिद्द फारशी उपयोगी पडत नाही. तिथे बसता यावे लागते. चार-चार दिवस तंबूत, काही न करता, मन न विटू देता. मागे फिरायचे म्हटले की वाद न घालता फिरता यावे लागते, शिखर हाताच्या अंतरावर असताना सुद्धा. आणि आपल्याविषयी दुसऱ्याने जे सांगितले, ते मानता यावे लागते. मुख्याध्यापक नंतर मला फाटकापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "सुभेदार साहेब, छान झालं. पण पुढल्या साली जरा जोशात येऊ द्या. पोरं जांभया देऊन राहिली व्हती." पुढल्या वर्षी मी जोशात बोललो. टाळ्या पडल्या. अश्विनी तेव्हा सातवीत होती. पहिल्या रांगेत बसली होती.

शिबिराला जायचे तिने ठरवले तेव्हा तिच्या बापाने, म्हणजे पुण्याला कारखान्यात कामाला असलेल्या माझ्या मुलाने, फोनवरून नाही म्हटले. मी हो म्हटले. घरात माझे चालते. दोन वर्षे मी तिला तयार केले. पहाटे पाच वाजता, पाठीवर पंधरा किलो हरभऱ्याची गोणी, शेताच्या बांधाबांधाने. मी बांधावर उभा असे. एक नियम होता: दम लागला म्हणायचे नाही. पायाला फोड आला तर संध्याकाळी दाखवायचा, चालताना नाही. एकदा तिला ताप होता आणि ती धावली. मला दुपारी कळले. मी रागावलो नाही. आतून मला बरे वाटले, हे आज कबूल करतो.

जोडीदाराची रीत तिला शिकवायची राहून गेली. ती एकटीच धावत असे. जोडीदार नव्हता, म्हणून आठवण झाली नाही. जी अर्धी गोष्ट माणसाला मारते ती मी तिला दोन वर्षे शिकवली, आणि जी अर्धी त्याला वाचवते ती माझ्याजवळ राहिली.

काल सकाळी सहा चाळीसला फोन आला आणि त्यांची तुकडी आठ वाजता निघणार होती. मध्ये एक तास वीस मिनिटे होती. शिबिराच्या प्रमुखांचा नंबर माझ्याकडे कागदावर लिहिलेला होता, आणि त्यांचा फोन निघेपर्यंत त्या धोंड्यावरच ठेवलेला असतो. मी दाढी केली. अंघोळ केली. चहा घेतला. कागद काढला, वाचला आणि चष्म्याच्या डबीखाली ठेवला. खोकला खरोखरच साधा असेल, असे मनाला सांगितले. तिने आण घातली आहे. एकदा खाली धाडली तर बाप पुन्हा जाऊ देणार नाही. दोन वर्षे वाया जातील. ही सगळी कारणे खरी होती. आणखीही एक होते. पारावर, दवाखान्यात, पिठाच्या गिरणीत, जो भेटला त्याला मी सांगून ठेवले होते की आमची नात शिखरावर चालली आहे.

पण आडवे होता येत नाही, याचा अर्थ मला माहीत होता. शिरडमध्ये तो माहीत असलेला दुसरा माणूस नसेल. फुफ्फुसांत पाणी धरू लागले की आडवे पडवत नाही. त्याला औषध एकच, खाली उतरवणे. आणि तेही लवकर.

आठ वाजून दहा मिनिटांनी मी प्रमुखांना फोन लावला. फोन आवाक्याबाहेर होता. ती माणसे दहा मिनिटांपूर्वी निघून गेली होती.

मग खालच्या गावातल्या त्यांच्या कचेरीत फोन लावला. तेथील कारकुनाने शांतपणे ऐकून घेतले. "साहब, ऊपर से बात वायरलेस पे होती है। शाम पाँच बजे। मैसेज लिखवा दीजिए।" मी सांगितले: मुलीचे नाव, कोरडा खोकला, रात्री बसून झोपली, ताबडतोब खाली आणा. त्याने विचारले, "आपको किसने बताया?" मी म्हणालो, "उसी ने।" तो म्हणाला, "तो वो खुद क्यों नहीं बोल रही?" त्याला काय सांगणार? मी म्हणालो, "आप लिखिए।"

पाच वाजायला नऊ तास होते. सूनबाई संगीता, अश्विनीची आई, शेतात मळणीवर गेली होती. तिला सांगायला मी गेलो नाही. एस.टी. धरून औंढ्याला गेलो आणि तेथून जवळा बाजारला.

युसूफ दुकानाच्या ओट्यावर बसला होता. आत यंत्राच्या घरघरीत त्याची मुले कापूस पिंजत होती. त्याच्या दाढीवर, भुवयांवर कापसाची पिसे होती. त्याने डावा हात वर केला. उजव्या हाताला अंगठा तेवढा आहे.

त्या मोसमात काय घडले ते येथे सांगतो. वर जायच्या दोन रात्री आधी युसूफ झोपला नाही. पाठीला सामान लावून बसून राहिला. पहाटे मला म्हणाला, "उस्ताद, हाजिरीला ठीक म्हण. अम्माला बोलून आलोय, वरचा दगड आणतो म्हणून. दोन दिवसांचा सवाल हाय." संध्याकाळी साहेबांनी विचारले, "युसूफ कैसा है?" मी म्हणालो, "ठीक है, साहब." माझ्या आवाजात काहीही हलले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही वर गेलो आणि वाऱ्याने तंबूत कोंडले. तीन दिवस. युसूफच्या छातीतून उकळी यायला लागलेल्या पाण्यासारखा आवाज येई. मी त्याच्या पाठीला पाठ लावून बसलो, म्हणजे तो आडवा होणार नाही. तीन दिवसांत मी याखेरीज काही केले नाही. करण्यासारखे काही नव्हते. चौथ्या दिवशी त्याला दोरावरून खाली आणताना हातमोजा कुठे निघाला ते कोणालाच कळले नाही. तो जगला. बोटे गेली. पिंजाऱ्याच्या घरचा मुलगा पिंजणाची दोरी पुन्हा ओढू शकला नाही.

चाळीसहून जास्त वर्षांत मी त्याच्याकडे अनेकदा गेलो आहे. या विषयावर आम्ही कधी बोललो नव्हतो. काल बोललो. मी सकाळची सगळी हकिकत सांगितली, मिनिटांसकट.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तू तवा साहेबाला खरं सांगितलं असतं ना, तर जन्मभर तुझ्या नावानं बोटं मोडली असती मी."

मी त्याच्या उजव्या हाताकडे पाहिले.

"हस की रे. बिनबोटाचा माणूस मजाक करून राहिला." तो स्वतःच हसला आणि थांबला. "पोरगी रागावंल. रागावू दे. राग धरायला माणूस पाहिजे ना जागेवर."

"दीड तास उशीर झाला, युसूफ."

"व्हय, झाला." तो धीर देणाऱ्यांतला माणूस नाही, आणि म्हणूनच मी तेथे गेलो होतो. "आता दीड तास कुठून आणतो? माझी बोटं आणलीस का? बस. चहा घे. पाच वाजेतोवर तुला कोन सोडून राहिलं?"

मी विचारले, "तुला माझा राग आला नाही का कधी?"

"आला की. पहिली दोन-चार सालं लई आला. मंग तू येत राहिलास. समोरच्या माणसाचा राग किती दिस करतोस? तकलीफ होते." त्याने पिसे झटकली. "पन एक सांग. तू मला कधी माफी काहून न्हाई मागितली?"

दुखते म्हणायचे नाही, चुकले म्हणायचे नाही, ही एकाच कवायतीची दोन पावले असावीत. मी म्हणालो, "चुकलं माझं." युसूफने मान हलवली आणि आत ओरडून चहा सांगितला. त्यानंतर आम्ही कापसाच्या भावाविषयी बोललो.

तीनच्या एस.टी.ने परत फिरलो. खिडकीबाहेर कापूस फुटला होता. डोंगरावरचे बसणे आणि एस.टी.तले बसणे यांत फरक आहे. तंबूत मी ज्याच्यासाठी बसलो होतो त्याची पाठ माझ्या पाठीला होती. ती गरम आहे की गार, हे मला कळत होते. काल पाठीमागे रेक्झिनची सीट होती. असहायतेचीही सवय असते, तिच्या आधाराने माणूस बसू शकतो, असे मी अनेकांना सांगितले आहे. ते स्वतःपुरते खरे आहे. दुसऱ्याच्या जिवाविषयी ते खरे नाही.

पाच वाजून बावीस मिनिटांनी कारकुनाचा फोन आला. मी शेताच्या वाटेवर होतो. "साहब, बात हो गई। डॉक्टर ने देखा। आपकी बात सही थी। ऑक्सीजन लगाया है। दो आदमी उसको लेके अभी नीचे निकल रहे हैं।"

"अंधार होईल."

हे मी मराठीत बोललो. मग हिंदीत विचारले, सकाळपर्यंत थांबता येणार नाही का? तो म्हणाला, डॉक्टर म्हणतात सकाळपर्यंत थांबू नये. याचा अर्थही मला समजला. "लड़की बहुत रो रही है, साहब। बोल रही है मैं ठीक हूँ, दादाजी ने झूठ बोला है।" पुढची बातमी उद्या सकाळी सातच्या वायरलेसला. त्यापूर्वी काही कळणार नाही.

मी खळ्यावर गेलो. मळणी संपत आली होती. संगीता पदराने तोंड बांधून सोयाबीनच्या ढिगाशी उभी होती. मी तिला बाजूला बोलावले आणि सगळे सांगितले. मी अहवाल देतो तसे सांगितले, मला दुसरी पद्धत येत नाही. तिने तोंडावरचा पदर सोडला.

"सकाळी पावणेसातला कळलं तुमाला?"

"हो."

"आन मला आता सांगून राहिले. मामा, मी माय हाय तिची. का मला बी लाईनीत उभं केलं, नंबर आला की सांगाया?"

मी उभा राहिलो.

"तिला ताप असताना धावू दिलं तवा बी मी गप बसले. म्हटलं, फौजी माणूस हाय, त्याला जास्त कळतंय." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते. "आता काय करायचं ते सांगा. सांगा ना. तुमाला तर समदं ठाऊक असतंय."

"काही करता येत नाही," मी म्हणालो. "सात वाजेपर्यंत वाट पाहायची."

तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि नवऱ्याला लावत लावत घराकडे निघाली. दोन बायका तिच्या मागे गेल्या. यंत्रवाल्याने यंत्र बंद केले, माझ्याकडे एकदा पाहिले, आणि काही न विचारता तोही ट्रॅक्टर घेऊन गेला.

ती जात असताना, माझे चुकले, असे मी तिला म्हणालो नाही. दुपारी जे एकदा जमले ते संध्याकाळी जमले नाही.

औंढ्याच्या बाजूने ढग चढत होते आणि वारा सुटला होता. वर्षभराचे सोयाबीन उघडे पडले होते. मी झोपडीतून ताडपत्री आणली. एका माणसाने ताडपत्री पसरणे कठीण असते, एक टोक दाबेपर्यंत दुसरे उडते. तीन टोकांवर धोंडे ठेवले. चौथ्या टोकाला धोंडा मिळाला नाही, म्हणून ते दोरीने बाभळीच्या बुंध्याला बांधले, आणि गाठ बसली आहे का ते दोनदा ओढून पाहिले.